पाठीमागून

वीस एप्रिलला दुपारी टेरी मला चावला.
नऊ वर्षांत त्यानं झुरळसुद्धा मारलं नव्हतं.
मांजर त्याच्या ताटलीत तोंड घालायचं
आणि हा बाजूला सरकायचा,
पाहुण्याला पाट द्यावा तसा.

टॉवेलच्या चिंध्यांत सापडला होता, म्हणून टेरी.
नरसय्यानं डब्याच्या पिशवीतनं आणला.
साखर पेठेत मालकाचे चार माग खाली,
वर भाड्यानं आम्ही.
हा खालीच झोपायचा, मागांच्या मधोमध,
त्या खडाखडीत,
कुणी थोपटतंय असं समजून.

त्या दिवशी उकाड्यानं वर आला होता,
माझ्या सुपाशेजारी झोपला होता.
मी फक्त हात ठेवला. पाठीवर.
पान फाटू नये म्हणून ठेवतो, तेवढाच.

अंगठा. उजवा.
ह्याच अंगठ्यानं विडीचं तोंड मुडपते,
दिवसाला आठशे.
रक्त सुपात पडलं, तंबाखूवर,
आणि खोटं कशाला सांगू,
आधी तंबाखूचंच वाईट वाटलं.

सिव्हिलमधली सिस्टर म्हणाली,
पाळलेलं आहे ना? दहा दिवस नजर ठेवा.
घरी जिन्यावर माणसं जमलेली.
चिलवेरीकाकू म्हणाल्या, बेचाळीस डिग्री आहे बाई,
माणसांची डोकी फिरतात.
भूमय्या म्हणाला, कुंभारीच्या पुढं सोडून येऊ,
रिक्षा मी सांगतो.
मालक म्हणाला, उद्या माझ्या कामगाराला चावला तर?
नरसय्या काही बोलला नाही.
तो आधी समोरच्याचे ओठ बघतो
आणि त्या जिन्यावर फार ओठ होते.

साखळीत टेरी माझ्याकडं असा बघायचा
की मीच त्याला चावले असेन.

सातव्या दिवशी लाईट गेली.
माग थांबले की आमच्या गल्लीत
आपलंच गिळणं आपल्याला ऐकू येतं.
पाण्याचा दिवस, पाच दिवसांनी आलेलं पाणी,
आणि पट्टी बांधलेल्या हातातनं हंडा निसटला.
पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेला.
समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.
कुणीतरी खिडकीतनं ओरडलं, एमैंदी?

टेरी भिंतीकडं तोंड करून बसला होता.
कानसुद्धा हलला नाही.

हंडा उचलून आणला
आणि परत टाकला. मुद्दाम.
त्याच्या पाठीवर एक माशी होती.
ती उडाली.

खाली बसले मग, ओल्या पायरीवरच.
आठवलं.
लग्नाला सहा वर्षं झाली होती.
नरसय्या मागाशी उभा,
मी चहा घेऊन गेले,
खांद्याला हात लावला, पाठीमागून.
तो वळला तो हात उगारूनच.
ओठ फुटला माझा.
मग तो तिथंच जमिनीवर बसला,
स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत.
त्या दिवशी जिन्यावर कुणी जमलं नाही.
कुंभारीच्या पुढं सोडून येऊ असं कुणी म्हणालं नाही.
मीच शिकले, समोरून जायचं.

एक माणूस बहिरा होत गेला ते मला कळलं.
त्याच्याच पायाशी झोपणारं जनावर
कधी बहिरं झालं, ते नाही.
हाक मारून यायचा की तो.
का ताटली दिसली म्हणून यायचा?

अंगठा अजून नीट वाकत नाही.
कारखान्यात मुकादम मुठी मुठीनं छाट काढतो,
म्हणतो, बाई, तोंडं उघडी राहतात तुमच्या विड्यांची.
आणि टेरीच्या जवळ जाताना
माझा हात अजून थोडा आखडतो,
हे त्यालाही कळतं.

संध्याकाळी माग बंद झाले
की मी खालच्या खोलीच्या दारात उभी राहते
आणि फरशीवर पाय आपटते. दोनदा.
कोपऱ्यातनं टेरी मान वर करतो.
मागाला तेल देता देता नरसय्याही.
चहा कुणाला, भाकरी कुणाला,
ते मग हातानं सांगते.